'फिलिस्टाईन' : एका शब्दाचा उलटा प्रवास

इंग्रजीत मनाच्या कोतेपणाला नावे ठेवणारे जे शब्द आहेत, त्यांतील बरेच भूगोलातून आलेले आहेत. 'इन्शुलर' म्हणजे बेटावरचा, 'पॅरोकिअल' म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला, 'प्रॉव्हिन्शिअल' म्हणजे राजधानीपासून दूर प्रांतात राहणारा. आपला 'कूपमंडूक' याच कुळीचा. या सर्व शब्दांत संकुचितपणाचे कारण राहण्याची जागा हे असते, आणि जागा बदलली तर दोष जाईल अशी निदान सूचना तरी त्यांत राहते. बेडकाला विहिरीबाहेर काढता येते. 'फिलिस्टाईन' या शब्दाची जात वेगळी आहे. ते एका लोकसमूहाचे नाव आहे. 'व्हँडल', 'गॉथिक' यांच्याप्रमाणे एका परक्या समाजाचे नाव घेऊन त्याचे दोषनाम केलेले आहे; आणि ज्याला हे नाव चिकटवले जाते तो सुधारण्याजोगा नसतो, तो पलीकडचा असतो.

साहित्यसमीक्षेत हा शब्द आपण मॅथ्यू आर्नल्डच्या हातून घेतला. कला, विचार, सौंदर्य यांविषयी उदासीन असलेला, व्यवहारापलीकडे न पाहणारा, रूढ आणि सुरक्षित तेवढ्यावर समाधानी असणारा मनुष्य, असा त्याचा अर्थ इंग्रजी कोश देतात. या अर्थात अज्ञानापेक्षा समाधानावर भर आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. अडाणी माणसाला कोणी फिलिस्टाईन म्हणत नाही. ज्याला पुरेसे कळते, पुरेसे मिळते, आणि याहून अधिक काही असू शकते ही कल्पनाच ज्याला अनावश्यक वाटते, तो फिलिस्टाईन. असा मनुष्य असतो यात शंका नाही, आणि त्याला काही नाव हवे हेही मान्य करावे लागेल. प्रश्न असा आहे की हे विशिष्ट नाव ज्या वाटेने आले त्या वाटेवरचे काय काय ते बरोबर घेऊन आले. माझ्या मते पुष्कळच घेऊन आले. संकुचितपणाचा निषेध करणारा हा शब्द जवळजवळ प्रत्येक मुक्कामावर एखाद्या बंदिस्त गटाने, दाराच्या आतल्या बाजूने, बाहेरच्यांसाठी वापरलेला दिसतो.

आरंभ बायबलपासून करावा लागतो. मराठी बायबलमध्ये या लोकांचे नाव 'पलिष्टी' असे आहे. हिब्रू 'पलिश्तीम'ला ते बरेच जवळचे आहे. गाझा, अश्दोद, अश्कलोन, एक्रोन आणि गथ ही त्यांची पाच नगरे. शमशोनाचे केस कापवून घेणारे, गल्याथाला रणात उभा करणारे, इस्राएलाच्या देवाचा कोश पळवून नेणारे असे हे शत्रू आहेत. मात्र ते रानटी आहेत असे जुन्या करारात कोठेही सुचवलेले नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर उलटच चित्र आहे : इस्राएल देशात लोहार मिळत नाही आणि नांगराचे फाळ, कुऱ्हाडी यांना धार लावून घेण्यासाठी इस्राएली लोकांना पलिष्ट्यांकडे उतरून जावे लागते, त्याचे पैसेही मोजावे लागतात. तंत्र, शस्त्रे आणि नगररचना या बाबतींत पलिष्टी पुढारलेले होते, याची ही शत्रूनेच दिलेली साक्ष आहे. त्यांचा दोष एवढाच की ते 'इतर' आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा शास्ते या पुस्तकापासून पुढे भाषांतरकारांनी 'पलिश्तीम' या विशेषनामाऐवजी 'अॅलोफिलॉय' म्हणजे 'अन्य कुळाचे' असा सामान्य शब्द योजला. एका समाजाचे नाव पुसून त्या जागी केवळ परकेपणा लिहिला गेला. पुढे जे घडले त्याचे बीज येथेच दिसते.

उत्खननांनी या साक्षीला दुजोरा दिला आहे. इजिप्तमध्ये मेदिनेत हाबू येथील तिसऱ्या रामसेसच्या मंदिरातील लेखांत, इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात समुद्रावरून चालून आलेल्या लोकांत 'पेलेसेत' हे नाव येते; तेच हे पलिष्टी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांची आरंभीची रंगीत नक्षीची मृत्पात्रे एजियन प्रदेशातील पात्रांशी नाते सांगतात. एक्रोन येथे ऑलिव्ह तेल काढण्याचे शंभराहून अधिक घाणे सापडले. त्याच ठिकाणी १९९६ साली पाच ओळींचा एक शिलालेख मिळाला : पादीचा पुत्र, एक्रोनचा राजा इकाउसू याने आपल्या देवीसाठी मंदिर बांधल्याचा. हे राजाचे नाव ग्रीकांच्या 'अकियन' या जुन्या नावाशी काही अभ्यासक जोडतात. अश्कलोनमधील दफनांतून मिळालेल्या अवशेषांचा आनुवंशिक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहयुगाच्या आरंभीच्या अर्भकांच्या अवशेषांत दक्षिण युरोपीय वंशाचा अंश त्यात स्पष्ट दिसला. नंतरच्या पिढ्यांत तो दिसेनासा झाला. म्हणजे हे लोक समुद्रापलीकडून आले, आणि दोनएक शतकांत आजूबाजूच्यांत मिसळून गेले. मनाने बंद असलेल्या समाजाचे हे लक्षण नव्हे. इसवी सनापूर्वी ६०४ मध्ये नेबुखद्नेस्सरने अश्कलोनचा विध्वंस केला, त्याच सुमारास एक्रोनही पडले, आणि पुढे या लोकांचे स्वतंत्र अस्तित्व संपले. एक्रोनसारखे थोडे लेख सोडले तर त्यांनी स्वतःविषयी लिहिलेले काही उरले नाही. त्यांच्याविषयी जे सांगितले गेले ते त्यांच्या शत्रूंच्या ग्रंथात, आणि तो ग्रंथ जगभर वाचला गेला.

निंदेचे नाव होण्यासाठी शब्दाला निंद्य वस्तूची गरज नसते, ही गोष्ट भारतीय वाचकाला नवी वाटू नये. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सर्व पासंडांचा आदर करावा असे तो राजा सांगतो. मराठीत येईपर्यंत त्याचे 'पाखंड' झाले. खुद्द अशोकाची 'देवानांप्रिय' ही पदवी उत्तरकालीन संस्कृत व्याकरणात मूर्खाचे नाव होऊन बसली. जिंकणाऱ्या परंपरेचा कोश असाच भरत जातो.

आता एकदम सतराव्या शतकाच्या जर्मनीत यावे लागते, कारण 'फिलिस्टाईन'चा आधुनिक अर्थ तेथे जन्मला. येना या विद्यापीठाच्या गावात विद्यार्थी आणि नगरवासी यांच्यात मारामारी होऊन विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, आणि त्याच्या अंत्यविधीच्या प्रवचनासाठी धर्मोपदेशकाने शास्ते या पुस्तकातील, पलिष्टी तुझ्यावर चालून आले आहेत असा शमशोनाला दिलेला इशारा वचन म्हणून निवडला, अशी कथा सांगितली जाते. वर्ष कोणी १६८९ देतात, कोणी १६९३. ही कथा शब्द रूढ झाल्यानंतर त्याचे स्पष्टीकरण म्हणून रचली गेली असावी, अशी शंकाही अभ्यासकांनी घेतली आहे, आणि ती रास्त दिसते. व्युत्पत्तीच्या कथा इतक्या नेटक्या असल्या की त्यांच्याकडे सावधपणेच पाहावे. परंतु कथा खरी असो वा नसो, विद्यार्थ्यांच्या बोलीत 'फिलिस्टर' म्हणजे विद्यापीठाबाहेरचा नागरिक हा अर्थ पक्का झाला, यात वाद नाही.

त्या काळच्या जर्मन विद्यापीठाची रचना ध्यानात घेतली तर हा शब्द का रुजला ते कळते. विद्यार्थी नगराच्या न्यायालयाच्या कक्षेत येत नसे. विद्यापीठाचे स्वतःचे न्यायासन आणि स्वतःचा तुरुंगही असे. ज्याच्या घरात भाड्याने राहायचे, ज्याच्याकडून उधारीवर खायचे, ज्याच्याकडून घोडा भाड्याने घ्यायचा, तो नगरवासी मात्र वेगळ्या कायद्याखाली जगत असे. धर्मशास्त्र शिकणाऱ्या तरुणाने स्वतःला निवडलेल्या प्रजेत धरावे आणि पैशासाठी दारात येणाऱ्या घरमालकाला पलिष्टी म्हणावे, यात थट्टा होती, तसा विशेषाधिकारही होता. गमतीचा भाग असा की शिक्षण संपवून नोकरीला लागलेला विद्यार्थीही याच बोलीत 'फिलिस्टर' होई. म्हणजे या टप्प्यावर शब्दाला अजून वंशाचे वा स्वभावाचे कठीण कवच आलेले नव्हते. तो आयुष्याच्या एका अवस्थेचाही वाचक होता, आणि बोलणाऱ्याला ठाऊक होते की उद्या ही पाळी आपल्यावर येणार आहे.

साहित्याने हा शब्द उचलला तो येथून. गटेच्या 'वेर्थर'मध्ये (१७७४) एक फिलिस्टर येतो : सरकारी पदावरचा हा गृहस्थ प्रेमात पडलेल्या तरुणाला वेळेची आणि पैशाची वाटणी शिकवतो, कामाचे तास कामाला द्यावेत, उरलेले प्रेमाला, आणि भेटवस्तू द्याव्यात त्या वाढदिवसासारख्या प्रसंगीच. येथे विद्यार्थी आणि नागरिक हा भेद मागे पडून दोन मनोवृत्तींचा भेद पुढे आला. नोव्हालिसने १७९८ च्या आपल्या स्फुटांत फिलिस्टरांचे जगणे निव्वळ दैनंदिन असते असे म्हटले आणि त्यांच्या धर्माला अफूची उपमा दिली. मार्क्सच्या कितीतरी आधी. शूमानने तर संगीतातील आपल्या काल्पनिक मित्रमंडळाला दाविदाचे नाव दिले आणि 'कार्नवाल' या पियानोरचनेचा शेवट या मंडळाच्या फिलिस्टरांविरुद्धच्या कूचगीताने केला. कलावंत म्हणजे दाविद आणि रुचिहीन समाज म्हणजे गल्याथ, हे रूपक आता पूर्ण झाले.

स्वच्छंदतावादाच्या या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि आपल्या पाठ्यपुस्तकी मांडणीत मात्र ते सहसा येत नाही. १८११ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये आखिम फोन आर्निमच्या पुढाकाराने एक भोजनमंडळ स्थापन झाले. नाव 'ख्रिस्ती-जर्मन भोजनमंडळ'. फिख्टे, क्लाउझविट्झ, साव्हिनी यांच्यासारखी माणसे त्यात होती. या मंडळात कोणाला प्रवेश नाही हे ठरलेले होते : स्त्रिया नकोत, फिलिस्टर नकोत, ज्यू नकोत; बाप्तिस्मा घेतलेले ज्यूसुद्धा नकोत. याच मंडळापुढे क्लेमेन्स ब्रेंटानोने फिलिस्टरावरचा आपला उपहासात्मक प्रबंध वाचला आणि तो त्याच वर्षी छापला गेला. इतिहासापूर्वीचा, इतिहासातील आणि इतिहासानंतरचा फिलिस्टर असा त्याचा विस्तार आहे. कल्पकता भरपूर आहे, विनोदही आहे. आणि त्याच श्वासात ज्यूंवरचे शेरे आहेत.

ही गोष्ट तत्कालीन परिस्थितीत ठेवून पाहिली पाहिजे. ज्या बर्लिनमध्ये थोड्याच वर्षांपूर्वी रॅहेल लेविनच्या घरी सरदार, नट, लेखक आणि ज्यू एका खोलीत बसून साहित्यावर बोलत होते, त्याच बर्लिनमध्ये हे मंडळ भरत होते. ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क देण्याची चर्चा प्रशियात चालू होती. तसा राजादेश मार्च १८१२ मध्ये निघाला. अशा वेळी मनाच्या उदारतेचा, कल्पनाशक्तीचा, काव्याचा पक्ष घेणारी माणसे फिलिस्टर आणि ज्यू या दोघांना एकाच नियमाने दाराबाहेर ठेवतात. हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. फिलिस्टर हा शब्द मुळातच 'निवडलेले' आणि 'इतर' अशा विभागणीवर उभा आहे. ती विभागणी एकदा स्वीकारली की 'इतर' या रकान्यात कोणाला बसवायचे हे त्या त्या मंडळाच्या हाती राहते. विपर्यास असा की, हे रूपक ज्या लोकांच्या धर्मग्रंथातून घेतले, ते लोकच आता त्या रकान्यात जाऊन बसले. हॅना आरेंटने ब्रेंटानोच्या या प्रबंधाची दखल आपल्या लेखनात घेतली आहे. संस्कृतीच्या संकटावरील निबंधात तिने केलेला भेदही येथे उपयोगी आहे : संस्कृतीला तुच्छ मानणारा फिलिस्टर वेगळा, आणि संस्कृतीचा उपयोग सामाजिक पायरी चढण्यासाठी करणारा सुशिक्षित फिलिस्टर वेगळा, दुसरा अधिक घातक. नीत्शेनेही १८७३ मध्ये डेव्हिड श्ट्राउसवर टीका करताना अशाच सुसंस्कृत फिलिस्टराला लक्ष्य केले होते.

ज्यूकुळात जन्मलेल्या हाइनेने हा शब्द टाकून दिला नाही. तो त्याने उलटा फिरवला. 'हार्झची यात्रा' या १८२६ च्या प्रवासवर्णनाच्या आरंभीच तो गटिंगेनच्या रहिवाशांची वर्गवारी विद्यार्थी, प्राध्यापक, फिलिस्टर आणि गुरेढोरे अशी लावतो, आणि या चार वर्गांमधील सीमारेषा फारशा स्पष्ट नाहीत असे सुचवतो. भर्तृहरीच्या नीतिशतकात कलाविहीन मनुष्याला पशूची उपमा आहे. हाइनेच्या यादीत त्या उपमेतून प्राध्यापकही सुटत नाहीत. निवडलेल्यांचे आसनच त्याने हास्यास्पद केले. या शब्दाच्या इतिहासात स्वतःच्या गोटाकडे तोंड करून तो इतक्या मोकळेपणाने वापरणारा दुसरा लेखक मला दिसत नाही.

इंग्रजीत हा अर्थ कार्लाईलने १८२७ मध्ये जर्मन साहित्यावर लिहिताना आणला, परंतु तो रुळला नाही. तो रुळवला आर्नल्डने, आणि तोही हाइनेच्या निमित्ताने. ऑक्सफर्डमध्ये काव्याचा प्राध्यापक असताना १८६३ मध्ये त्याने हाइनेवर व्याख्यान दिले. इंग्रजीत या गोष्टीला शब्द नाही, याचे कारण कदाचित ती गोष्टच येथे इतकी विपुल आहे, असा त्याचा टोमणा त्या व्याख्यानात आहे. फ्रेंचांचा 'किराणा दुकानदार' हा पर्यायी शब्द तो विचारात घेतो आणि नाकारतो. त्यात एका प्रतिष्ठित व्यवसायाचा उगाच अपमान होतो, असे त्याला वाटते. एका व्यवसायाचा अपमान त्याला खटकला. एका समाजाचे नाव वापरणे मात्र त्याला खटकले नाही. पलिष्टी तेव्हा बाजू मांडायला शिल्लक नव्हते.

'कल्चर अँड अनार्की' (१८६९) मध्ये हा शब्द एका वर्गाचे नाव झाला. सरदारवर्ग म्हणजे 'बार्बेरियन', मध्यमवर्ग म्हणजे 'फिलिस्टाईन', आणि श्रमिक म्हणजे 'पॉप्युलेस' ही त्याची त्रयी प्रसिद्धच आहे. १८६६ च्या जुलैत मताधिकाराच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांनी हाइड पार्कचे कठडे पाडले आणि १८६७ मध्ये मताधिकाराचा विस्तार करणारा कायदा झाला, ही त्या लेखनाची पार्श्वभूमी. आर्नल्ड १८५१ पासून शाळातपासनीस होता, आणि आरंभीची बरीच वर्षे त्याच्याकडे मुख्यतः अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांच्या शाळा होत्या. ज्या मध्यमवर्गाला तो फिलिस्टाईन म्हणतो तो त्याने गावोगाव जाऊन जवळून पाहिला होता. त्याच्या टीकेला जी धार आहे ती या ओळखीची आहे. आपणही जन्माने याच वर्गातले आहोत असे तो पुस्तकात कबूल करतो, आणि हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे; भोजनमंडळातील कोणी स्वतःला फिलिस्टर म्हणवून घेतलेले नव्हते.

तरीही त्याच्या मांडणीत एक विसंगती आहे आणि ती शब्दाच्या मुळाशी जाते. याच ग्रंथात 'हिब्रूपण' आणि 'ग्रीकपण' हे त्याचे दुसरे प्रसिद्ध द्वंद्व आहे. आचरणाची कठोरता, सदसद्विवेक, नियम यांवरचा भर म्हणजे हिब्रूपण; वस्तू जशी आहे तशी पाहणे, मनाची मोकळीक, चैतन्याचा सहज संचार म्हणजे ग्रीकपण. इंग्रज मध्यमवर्गाचा, विशेषतः प्युरिटन परंपरेचा दोष काय, तर हिब्रूपणाचा अतिरेक. आता ही दोन द्वंद्वे शेजारी ठेवावीत. बायबलमध्ये पलिष्टी हे हिब्रूंचे शत्रू. आर्नल्डमध्ये फिलिस्टाईन हेच अति-हिब्रू. ज्यांना ग्रीकपणाची गरज आहे असे तो सांगतो त्यांना त्याने नाव दिले ते नेमके एजियन समुद्रावरून आलेल्या, ग्रीकांच्या शेजारच्या लोकांचे. एजियन धाग्यांचे उत्खनन त्याच्या काळी व्हायचे होते, तेव्हा त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पहिला विपर्यास मात्र बायबल पाठ असलेल्या त्या पिढीला उघड दिसण्याजोगा होता. फ्रेडरिक हॅरिसनने १८६७ मध्येच एका संवादात आर्नल्डच्या 'संस्कृती'ची थट्टा केली, पण तिचा रोख संस्कृतीच्या निष्क्रियतेवर होता, या रूपकावर नव्हता. रूपक इतके सोयीचे होते की त्याच्या आत कोणी पाहिले नाही.

१९९६ मध्ये डेव्ह बीच आणि जॉन रॉबर्ट्स यांनी 'न्यू लेफ्ट रिव्ह्यू'मध्ये हा प्रश्न वेगळ्या बाजूने उपस्थित केला. पुढे २००२ मध्ये त्यावरील वाद पुस्तकरूपाने आला. सौंदर्यशास्त्राला आपली सीमा आखण्यासाठी फिलिस्टाईनची गरज लागते, त्याला वगळूनच ते स्वतःची व्याख्या करते, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. त्यातून फिलिस्टाईनाच्या शरीरसुखी, अनास्थ वृत्तीला प्रतिकाराचे मूल्य देण्यापर्यंत ते जातात. तेथपर्यंत मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. ग्रंथालय बंद करून वाहनतळ बांधणाऱ्याच्या समाधानात प्रतिकार शोधणे हा सिद्धांताचा अतिरेक आहे. मात्र त्यांच्या पहिल्या म्हणण्याला या शब्दाचा सारा इतिहास पुरावा देतो.

मराठी समीक्षेने आर्नल्ड वाचला, त्याचा शब्द 'फिलिस्टाईन' असा जसाच्या तसा लिहिला, आणि त्याच्या शेजारी 'पलिष्टी' कधी ठेवला नाही. बायबल एका शेल्फवर राहिले, समीक्षा दुसऱ्या. आपल्या परंपरेतला जवळचा शब्द 'अरसिक'. त्यात 'सहृदय' या शब्दाची उणी बाजू आहे, आणि सहृदय हा काव्याच्या अभ्यासाने मन आरशासारखे स्वच्छ झालेला वाचक, असे अभिनवगुप्त मानतो. म्हणजे निदान तत्त्वतः तो कोणत्याही कुळातून, कोणत्याही पेठेतून येऊ शकतो. हा अभ्यास करण्याची मुभा प्रत्यक्षात कोणाकोणाला होती, हा प्रश्न अर्थातच वेगळा, आणि 'अरसिक' या शब्दाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो टाळता येणार नाही.